आपोआप उठणारी सुई

“जपून हं बोडिलबाई, पायरी आहे,” हेनिंग म्हणाला. बोडिलचा जुना रेकॉर्ड प्लेअर त्याने तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला होता. खांद्यानेच दुकानाचं दार ढकलून त्याने तिला आधी आत जाऊ दिलं.

असा शेजारी मिळायला भाग्य लागतं. आल्बोर्ग शहरात हल्ली जिन्यात भेटलेल्या माणसाने मान हलवली तरी खूप झालं. आणि हा खालच्या मजल्यावरचा हेनिंग! बोडिलचा नवरा आक्सेल गेल्यापासून दिवे बदलण्यापासून कचरा नेण्यापर्यंत सगळं तोच बघत होता. तिच्या घराची जादा किल्लीही त्याच्याचकडे असायची. आज तर स्वतःची गाडी काढून आला होता.

“बोला आजी,” दुकानदार एस्बेन म्हणाला.

“आजी मी माझ्या नातवंडांची. तुझं गिऱ्हाईक. प्लेअर दाखव, खिशाला झेपेल असा. पण आपोआप थांबणारा हवा. रेकॉर्ड संपली की सुई आपली आपण उठून जागेवर गेली पाहिजे.”

“हे आपोआपचं खूळ सोडा हो,” हेनिंग मध्येच म्हणाला. “स्वस्तातल्या आपोआपवाल्या प्लेअरची सुई रेकॉर्डी खरवडून काढते. हाताचाच घ्या, सुई आपण उचलायचा. तेवढ्याच पैशांत आवाज कितीतरी चांगला मिळेल.”

“आवाजाचं काय घेऊन बसलास! गाणं संपायच्या आत मी घोरायला लागते.”

ते खरंच होतं. रात्री झोपेची गोळी घ्यायची, रेकॉर्ड लावायची आणि खुर्चीतच डोळा लागायचा, असा तिचा नेम. एकही बाजू तिने शेवटपर्यंत ऐकली नव्हती. प्लेअर आक्सेलचा. तो असेपर्यंत कुणाला हात लावू द्यायचा नाही. रेकॉर्ड लावताना सुई हाताने ठेवावी लागे, तेवढं तिला जमायचं. सकाळी जाग येई तेव्हा सुईची दांडी जागेवर गेलेली आणि चकती थांबलेली असायची.

यंत्र बिचारं आपलं काम चोख करत होतं. घोळ तिच्याच डोक्यात होता. सकाळी अंगावर पांघरूण असे, ते कधी घेतलं ते आठवत नसे. कॉफीचा कप विसळून पालथा घातलेला असे. परवा तर अंबाड्यातल्या पिना काढून बशीत ओळीने मांडून ठेवलेल्या दिसल्या. सगळं आपणच करतो आणि साफ विसरतो, असं तिला वाटायचं.

एकदा भोळेपणाने तिने हे मुलीला, डोर्टेला, फोनवर सांगितलं आणि झालं! डोर्टेने वृद्धाश्रमात आईचं नाव घालून टाकलं. सोमवारी डॉक्टर बोडिलला तपासणार होते. बाईंचं डोकं ठिकाणावर नाही असं ते म्हणाले की घर सुटलं. आक्सेलबरोबर उभा जन्म काढलेलं घर! त्यात प्लेअरही बंद पडला. “निदान आपोआप थांबणाराच घे गं आई,” डोर्टे म्हणाली होती. “तेवढी एक गोष्ट तरी तुला लक्षात ठेवायला नको.”

एस्बेनने तीन प्लेअर काढले. पहिला बॅगेसारखा उघडणारा. “हा नुसता दिसायला छान,” तो स्वतःच म्हणाला. दुसऱ्याची चकती आपोआप थांबायची, पण सुई रेकॉर्डवरच राहायची. तिसऱ्याचं त्याने बटण दाबलं. दांडी सावकाश उठली, आत वळली आणि रेकॉर्डच्या काठावर उतरली. मग त्याने सुई शेवटच्या गाण्यावर नेली आणि तिघं ऐकत उभे राहिले.

गाणं संपलं. दांडी उठली, मागे गेली आणि जागेवर बसली. चकती थांबली. दुकानात चिडीचूप झालं.

हेनिंगच्या कपाळाला आठी पडली. “छे! हे काही खरं नाही. रेकॉर्ड संपली ते खाली कळायचं कसं?”

“कशाला कळायला हवं? तुझीही झोपमोड वाचली!” बोडिल हसली. “हाच दे रे बाबा. जुना बदल्यात घेशील ना?”

एस्बेनने जुना प्लेअर उलटा केला, खालचं झाकण काढलं आणि शीळ घातली. “वा! चीज आहे हो. नुसता पट्टा तुटलाय. पण आजी, हा सुई आपोआप उचलायचा म्हणता?”

“रोज.”

“शक्यच नाही. हा निव्वळ हाताचा आहे. सुई उचलणारा भागच नाही यात. रेकॉर्ड संपली की कुणीतरी येऊन दांडी उचलेपर्यंत हा असाच खरखरत राहणार.”

“अरे, पण रोज सकाळी…”

“मग घरातलं कुणी उचलत असेल.”

“घरात मी एकटीच असते.”

एस्बेनच्या नजरेतली कीव तिला दिसली. डोर्टेच्या आवाजात असायची, अगदी तीच. म्हणजे सुईसुद्धा आपणच उचलतो आणि विसरतो? रोज? बोडिलचे डोळे भरून आले. आता सोमवारी डॉक्टरांना काय सांगायचं? तिने काउंटरची कड घट्ट धरली आणि मान खाली घातली.

“मी सांगत होतो ना, हाताचाच घ्या म्हणून,” हेनिंग तिच्या मागे येऊन हळूच म्हणाला.

त्याची नजर अजून त्या नव्या प्लेअरवर खिळलेली होती. न बघताच त्याने तिच्या अंबाड्यातली सैल झालेली पिन अलगद काढली आणि काउंटरवरच्या सुट्ट्या पैशांच्या बशीत ठेवली. मग दुसरी काढली आणि पहिलीशेजारी ओळीने मांडली.