काळजी करणारा नवरा

सिनेमातल्या बाईचा फोटो पुढे करून "हिला अशी करून द्या" म्हणणाऱ्या नवऱ्यांची प्लास्टिक सर्जनकडच्या नर्सबाईंना शिसारी यायची. आजचा नवरा मात्र वेगळा निघाला. बायकोची छाती मोठी करायच्या ऑपरेशनात भूल किती वेळ देतात, जंतुसंसर्ग होतो का, असं तो खोदून खोदून विचारत होता. बायको पर्सचा बंद पिळत बसली होती. नर्सबाईंनीही कौतुकाने सगळं समजावलं. आता चीर छोटी असते, इम्प्लांट हात न लावता नरसाळ्यासारख्या पिशवीतून आत सरकवतात, धोका पूर्वीपेक्षा कितीतरी कमी झालाय.

नवरा हसत बायकोकडे वळला. "ऐकलंस ना? दोन वर्षं 'भीती वाटते, भीती वाटते' लावलं होतंस. आता कुठलं निमित्त काढशील?"