कावळ्याला दिलेला शब्द

दादाच्या दहाव्याला काही केल्या कावळा शिवेना. बाबांनी आईला सांभाळायचा शब्द दिला, काकांनी त्याची बाईक विकणार नाही म्हणून सांगितलं. पिंड तसाच. शेवटी श्रुतिका हात जोडून म्हणाली, "दादा, तुझं अर्धं राहिलेलं पुस्तक मी पूर्ण वाचेन." तेव्हा कुठे कावळ्याने पिंडाला चोच लावली. तेव्हापासून विक्रोळीच्या खोलीत ती रोज पुस्तकातल्या जादूगारांशी झुंजत होती. दादाने दुमडलेलं पान मागे पडलं, तरी गोष्ट रंगेना. आज जादूगाराने मेलेल्या भावाला एका मंत्रात जिवंत केलं. तिने पुस्तक मिटलं. "आई, नाही वाचवत गं. शब्द मोडला मी." ओट्यापाशी आई भात कालवत राहिली. "त्यानेपण सोडलं होतं ते. बकवास आहे, म्हणाला होता." "मग कावळा कसा शिवला?" "भुकेला असेल," आई म्हणाली, आणि रोजच्यासारखा दहीभात खिडकीत ठेवला.