तिसरा भाग

"मागचे दोन भाग न वाचता थेट तिसऱ्यात घुसलात?" मुलीने दारातूनच विचारलं. बापाच्या या नव्या बायकोला तिने अजून कुठल्याच नात्याने हाक मारली नव्हती.

"मागचे दोन तू कपाटात कोंडून ठेवलेस. हा तेवढा बाहेर सापडला."

"सापडला म्हणे. तो आईच्या उशाशी असायचा."

पलंगावर बसलेली बाई पुस्तकात बघत म्हणाली, "इतकी राज्यं, इतकी माणसं. कोण कुणावर का डाफरतंय, काही म्हणजे काही कळत नाही बघ."

"मधूनच आलं की असंच होतं. बोलावलं होतं कुणी?"

मुलीने आत येऊन पुस्तक हिसकावून घेतलं. आई तिला हे रोज मोठ्याने वाचून दाखवायची. दवाखान्यात गेली त्या दिवशी जिथे थांबली, त्या पानाचा कोपरा तिने दुमडला होता. तो अजून तसाच होता.

"एव्हाना शेवटही वाचून झाला असेल तुमचा."

"नाही. या दुमडीपाशी थांबते आणि पुन्हा पहिल्या पानावर जाते. पुढचं तुम्हा दोघींचं आहे."

मुलगी दुमडीवरून अंगठा फिरवत उभी राहिली. मग तिने पुस्तक बाईच्या मांडीवर आदळलं आणि पलंगाच्या पार दुसऱ्या टोकाला, पाठ करून बसली.

"वाचा पुढचं. राक्षस बोलायला लागला की मात्र थांबायचं. त्याचा आईसारखा आवाज फक्त मला काढता येतो."