तिसरी पाळी

टाळी वाजवायला जयवंतरावांनी डावा हात उचलला आणि डायलिसिसचं मशीन ठणाणा करायला लागलं.

टेक्निशियन शॅनन धावत आली. "काका, सुयांचा हात हलवायचा नाही, किती वेळा सांगायचं? सुई निघाली ना, तर अख्खी चादर लाल होईल." तिने बटण दाबलं तसं मशीन गप्प झालं. जयवंतरावांनी हात मुकाट्याने गादीवर ठेवला, पण भिंतीवरच्या टीव्हीवरची नजर काही काढली नाही.

"सरकारचा एकही रुपया वायफळ जाणार नाही," टीव्हीवरचा नेता सांगत होता. "दोन वर्षांत तूट निम्म्यावर आणून दाखवतो. हा माझा शब्द आहे."

"बोललं बाबा कुणीतरी एकदाचं," जयवंतराव म्हणाले.

एका खासगी कंपनीच्या ऑडिटमधून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. ऑडिट मात्र त्यांच्यातून अजून निवृत्त झालं नव्हतं. नायगावच्या सोसायटीत जिन्यातला दिवा दिवसा चालू दिसला की सेक्रेटरीला फोन जायचा. वसईतल्या या केंद्रात सरकारी मदतीमुळे त्यांना एक पैसा पडत नव्हता, तरी इथंही दोन खाटांना तीन पंखे कशाला, असं त्यांनी आल्या आठवड्यातच विचारून घेतलं होतं.

"काकी, जरा बाहेर येता?" शॅननने उशाशी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोला, वसुंधराबाईंना हळूच विचारलं.

बाहेरच्या पॅसेजमध्ये तिने त्यांच्या हातात एक छापील चिठ्ठी दिली. एक तारखेपासून तिसरी पाळी बंद. जयवंतरावांची पाळी तिसरी, दुपारची.

"बंद म्हणजे?"

"वरून पैसे कमी आलेत. खर्च कमी करा म्हणून ऑर्डर आहे. आम्हालाही आजच कळलं."

"मग सकाळी घ्या ना. आम्ही पहाटे येऊ."

"सकाळच्या दोन्ही पाळ्या फुल आहेत, काकी. वेटिंगला नाव घातलंय मी काकांचं. अकरावं आहे."

"अकरावं म्हणजे किती दिवस?"

शॅनन खालच्या आवाजात म्हणाली, "इथली जागा रिकामी कधी होते, तुम्हाला माहितीये."

वसुंधराबाईंना माहीत होतं. गेल्या गणपतीत एकच वेळ चुकली होती, तर तिसऱ्या दिवशी जयवंतरावांना उताणं झोपता येईना. धाप लागून ते रात्रभर पलंगाच्या कडेला बसून होते आणि त्या त्यांची पाठ चोळत होत्या. बाहेरच्या हॉस्पिटलात एका वेळचे दोन हजार. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार सुरू केला आणि अर्ध्यावरच सोडून दिला.

"काकांना मी सांगू का?"

"नको. मशीनवर आहेत, बीपी चढेल. मी सांगते." कधी सांगणार, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. "शेजारच्या रामचंद्रभाऊंच्या घरी कळलं?"

"त्यांच्या सुनेला मघाशी दिली चिठ्ठी. खाली जाऊन बसलीये."

वसुंधराबाई आत आल्या तेव्हा जयवंतराव शेजारच्या खाटेवरच्या रामचंद्रभाऊंना समजावत होते. रामचंद्रभाऊंची समुद्राच्या बाजूला केळीची वाडी होती. चार महिने झाले, ते वाडीत कमी आणि या खाटेवर जास्त असत.

"कापणार म्हणतो, पण काय कापणार ते सांगत नाय ओ तो," रामचंद्रभाऊ म्हणाले.

"वायफळ खर्च."

"वायफळ कुठला, ते कोण ठरवणार?"

"आकडे ठरवतात. आम्ही काय करायचो? ज्या ओळीसमोर कमाई नाही, तिच्याखाली लाल रेघ. माणूस बघायचा नाही. माणूस बघितला की ऑडिट संपलं."

रामचंद्रभाऊ हसले. वसुंधराबाईंना हसू आलं नाही. त्यांना भीती वाटत होती आणि रागही येत होता. तो टीव्हीतल्या माणसाचा, की चिठ्ठीचा, की समोर आडव्या पडलेल्या या माणसाचा, ते त्यांना कळत नव्हतं. मशीनवर अजून सव्वा तास दिसत होता. त्या स्टूल ओढून जयवंतरावांच्या उजव्या बाजूला बसल्या.

"अहो, ऐका ना."

"थांब गं. मुद्द्याचं बोलतोय तो."

"काही निर्णय कठोर असतील," नेता म्हणत होता. "थोडी कळ सोसावी लागेल. सोसाल ना?"

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. कॅमेरा खुर्च्यांवरून फिरला. लोक उठून उभे राहत होते. जयवंतरावांचा डावा हात गादीवरून बोटभर वर आला.

"अहो, हात!" वसुंधराबाई ओरडल्याच.

"हो हो, नाही हलवत." ते गोरेमोरे झाले. मग त्यांनी उजवा हात बायकोपुढे केला. चेहरा लहान मुलासारखा खुलला होता. कितीतरी महिन्यांत तो असा दिसला नव्हता. "तुझा हात दे बघू."

"कशाला?"

"दे तर. एका हाताने कशी वाजवू?"

वसुंधराबाईंच्या उजव्या मुठीत चिठ्ठी होती. त्यांनी ती डाव्या मुठीत घेतली आणि पंजा पुढे धरला. जयवंतरावांनी त्यावर टाळी मारली. एकदा, दोनदा. फटफट असा नुसताच पोकळ आवाज झाला.

"अगं, सैल नको सोडूस," ते म्हणाले. "वाजत नाही."

वसुंधराबाईंनी पंजा ताठ केला.