राखेची रेघ

"तिथंच थांब. रेघ नोको ओलांडू," खाटेवरून लक्ष्मणराव म्हणाले. "पयले भुपेंद्र पाहीन."

आनंदाबाई एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा गिलास घेऊन दारातच थांबल्या. बियाण्याचं धान साठवायची ढोली, म्हणजे मोठी कणगी, तिच्याभोवती नवऱ्याने काल सांजेला चुलीतली राख चाळून जाड पट्टा ओढला होता. खळ्यावर उघड्या राशीला अशी रेघ मारतात, म्हणजे कोणी हात मारला तर पावलं सापडतात. पण घरातल्या ढोलीला, आणि तीही बायकोला पकडायला, अख्ख्या बपेरा गावात कोणी मारली नसेल.

चार दिवस झाले, लक्ष्मणराव त्यांच्या हातून गोळी घेत नव्हते, भातही खात नव्हते. जी बियाणं चोरते ती ताटात काय कालवेल, काय सांगावं? शेजारच्या निर्मलाबाईंकडे जाऊन जेवायचे. आणि जेवता जेवता कारणही सांगायचे.

डॉक्टरीणबाईंनी भंडाऱ्याला कागदावर डोक्याचं चित्र काढून सगळं समजावलं होतं. मेंदूत राखणीच्या पेशी असतात. रोगराई आली तर लढायचं, घाण साफ करायची, हे त्यांचं काम. यांच्या डोक्यात त्या चवताळल्यात. थांबायचं नावच घेत नाहीत. त्यानं सूज येते, आणि बाहेरच्याला धरता धरता त्या घरच्याच चांगल्या पेशी खाऊन राहिल्यात. आठवण जाते, संशय येतो. आजार जाणार नाही, पण गोळी चुकवू नका.

आनंदाबाईंना ते पटलं होतं. घरचा कुत्रा पिसाळला की तो आधी घरच्यांनाच चावतो, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे नवऱ्याचं बोलणं त्या गिळत होत्या. गिळवलं नाही ते लेकाचं.

भुपेंद्र काल तुमसरच्या राइस मिलमधून बापाच्या फोनवर धावत आला. आल्या आल्या त्यानं ढोलीत हात घालून पाहिला. बियाणं खरंच वीतभर खाली गेलं होतं. मग तो हळूच म्हणाला, "माय, कोनाले देलं असशीन तं सांगून टाक. मी बाबाले समजावतो."

नवऱ्याचं डोकं तरी आजारी होतं. पोराचं तर ठणठणीत होतं ना. आनंदाबाईंना रात्रभर तेच लागून राहिलं.

आता भुपेंद्र मोबाइलचा उजेड लावून ढोलीपाशी वाकला. रेघ तुडवलेली होती. राखेत पावलं स्पष्ट उमटली होती. डावं पाऊल पूर्ण होतं, उजव्याला अंगठा नव्हता.

मग तो राखेच्या खुणा धरत मागच्या दारानं परसात गेला. न्हाणीच्या सांडपाण्याजवळ धान दाट उगवलं होतं, बोटभर उंच. वर आजचे ओले दाणे पसरलेले होते. पहाटे माय गोठ्यात असताना कोणीतरी रोज तिथे पऱ्हे टाकत होतं, रोपांसाठी टाकतात तसे, अगदी हात सैल सोडून.

भुपेंद्र परत आला तेव्हा त्याला मायकडे बघवेना. लक्ष्मणरावांच्या उजव्या पायाचा अंगठा नांगराच्या फाळानं नेला होता, तेव्हा तो शाळेत होता. जखमेवर हळद त्यानंच दाबून धरली होती.

"बाबा, हे पाय तं तुमचे..."

आनंदाबाईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

लक्ष्मणराव खाटेवरून उतरले. ढोलीपाशी उकिडवे बसले, आणि राखेतलं पाऊल बोटानं चाचपत राहिले.

"अंगठा नाही याले," ते म्हणाले. मग मान वळवून त्यांनी आनंदाबाईंच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पायांची बोटं मोजली. पुन्हा मोजली. "तू नोहोस."

"नाही जी. मी नाही."

"मंग हा बाहेरचा कोनी हाय." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मी वावरात गेलो का तू घरी एकटीच राहतं. कडी लावत जाय. लय वाईट लोक हायेत." खाटेवर बसून त्यांनी हात पुढे केला. "आन. काय देऊन राहिली होतीस?"

आनंदाबाईंनी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली, गिलासभर पाणी प्यायलं आणि पाय लांब केले.

"भात टाक आता. भूक लागली मले," ते म्हणाले. मग कपाळाला आठ्या घालून पुटपुटले, "पन असा पाय मी कुठंतरी पाह्यला हाय वं."

उकाडा मरणाचा होता. तरी आनंदाबाईंनी उशाची गोधडी ओढली आणि त्यांचे दोन्ही पाय झाकून टाकले.