फाटक्या कानाची

“हे माकडं हायेत का पाव्हणे? छपराचं एक कवेलू फोडून नाही राह्यले,” देवाजी मास्तर कुरकुरले.

रुख्मिणीनं वर पाहिलं. भर दुपारी अकरा माकडं डोळे मिटून छपरावर आडवी होती. मधे एकीपुरती जागा मोकळी होती.

फोनमधून मशीनची ठकठक येत होती. मुलगा हर्षदीप हैदराबादच्या प्रयोगशाळेत माकडांच्या मेंदूचे फोटो काढायचा. तिकडे ठकठक सुरू झाली की इकडे ही आडवी व्हायची, थांबली की उठायची. महिना झाला, नवरा-बायको त्यावर बोलत नव्हते.

“आई, नवी मशीन लय ताकदीची हाये. फोटो काचेसारखा साफ येते. फाटक्या कानाची तर भुलीत जरा बी हलत नाही.”

रुख्मिणीनं छपरावरच्या मोकळ्या जागेकडं पाहिलं. त्या माकडिणीला पकडायला पिंजऱ्यात केळं रुख्मिणीनंच ठेवलं होतं. पकडणारा गाडी घेऊन आला, अन् जंगलात सोडली असं दोघांनी बोथ गावभर सांगितलं.

ठकठक थांबली. छपरावर कोणी उठलं नाही.

“आई... ती उठून नाही राह्यली.”

अकराही माकडांनी एकदम डोळे उघडले अन् खाली रुख्मिणीकडं पाहिलं.

“हर्षाची माय,” देवाजी हळूच म्हणाले, “ते गाडी हैदराबादकडं वळली व्हती. आपुन दोघांनी पाह्यलं.”