मंगलचे कान

कुणी मचमच करत जेवायला लागलं की मंगलला घाम फुटायचा, छाती धडधडायची आणि ती भरल्या ताटावरून उठून जायची. लग्न होऊन निमगावला आल्यावर तिनं हे विश्वासानं सासूच्या कानावर घातलं. तेव्हापासून झुंबरबाई मुद्दाम सुनेला खेटून जेवायला बसू लागली आणि तोंड उघडं ठेवून चावू लागली. पाहुणे असले की जास्तच. मंगल उठली की म्हणायची, "आमची सून लई नाजूक कानाची हाय." सगळे हसायचे. नवरासुद्धा.

शेवटी मंगल आळेफाट्याला मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंकडे जाऊ लागली. हळूहळू फरक पडला. सासूशेजारी बसून ती पोटभर जेवू लागली, तशी झुंबरबाईची मजाच गेली.

पुढं झुंबरबाई गोठ्यात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं आणि तिनं अंथरूण धरलं.

एका दुपारी मंगलचा नवरा सुभाष कारखान्यावरून लवकर घरी आला. आतल्या खोलीत आई रडवेल्या आवाजात सुनेला हाका मारत होती. तिचं अंथरूण ओलं झालं होतं. मंगल पडवीत निवांत लसूण सोलत बसली होती.

"आई कवाची हाका मारतीया. तुला ऐकू येत न्हाई का?"

"येतंय की," मंगल म्हणाली. "पण डॉक्टरबाईंनी सांगितलंय, नकोसा आवाज कानावर आला तरी जागचं उठायचं न्हाई. आधी लई जड जायचं. आता काय वाटत न्हाई."